दहात चार

यशोदाबाईंच्या वाट्याला गुरुवार आला होता.

आमचं गाव बेळगुंदीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. इथं भाताची सुगी पैऱ्यानं होते. आठ घरं मिळून एकमेकांच्या शेतात कापायला जातात. आज तुझ्यात, उद्या माझ्यात. कुणाचा वार कुठला हे एकदा ठरलं की ठरलं. ज्यानं आपला वार सोडला त्यानं सगळ्यांचं उरकेपर्यंत थांबायचं, आणि तोवर पिकलेलं भात उभ्या उभ्या झडून जातं.

यशोदाबाईंचं शेत दीड एकर. त्यातल्या अर्ध्या एकरात वासाचं जुनं भात असतं. त्याचं बी त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेलं. हे भात शिजायला लागलं की शेजारच्या तीन घरांना कळतं. पूर्वी हे बी गावात दहा-बारा घरांत होतं. मग एकेकानं सोडलं. शेवटी उरला भावकू, आणि गेल्या वर्षी भावकूचं कापून पडलेलं भात अवेळी पावसात सापडलं. चौथ्या दिवशी पेंढ्यांतून हिरवे कोंब वर आले. तेव्हापासून गावात ते बी फक्त यशोदाबाईंच्याकडं आहे.

म्हणून त्या सोमवारी त्यांच्या जिवाला घोर होता. गुरुवारी कापावं, तर मागाहून पाऊस आला की बी गेलं. न कापावं, तर वार गेला आणि दाणे मातीत.

पाऊस येणार की नाही हे सांगणारे गावात कमी नव्हते. घोर त्याचाच होता.

आता वहीबद्दल सांगायला हवं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रवळनाथाच्या देवळाच्या कट्ट्यावर संध्याकाळी मुलांना घेऊन बसतो. सप्टेंबरात एकदा सातवीतला साईराज आणि सहावीतली ऋतिका पावसावरून भांडायला लागले. ऋतिका ही यशोदाबाईंची नात. साईराज मोबाईलवर एका माणसाचे व्हिडिओ बघायचा. त्या माणसाचा प्रत्येक व्हिडिओ ‘इशारा! इशारा!’ असा सुरू व्हायचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव इशाराकाका ठेवलं होतं. साईराजच्या मते त्याचं कधीच चुकत नव्हतं. ऋतिकाच्या मते गावातल्या गुंडूआजाचं, म्हणजे आमच्या गुंडूअण्णांचं, कधीच चुकत नव्हतं.

“कधीच म्हणजे किती वेळा?” मी विचारलं.

“कधीच म्हंजे कधीच, गुरुजी.”

“मग लिहून ठेवा की. भांडता कशाला?”

लिहायचं ठरलं, पण कसं लिहायचं यावर आणखी दोन दिवस भांडण झालं. शेवटी मुलांनीच नियम केले. कोण काय म्हणालं ते पाऊस पडायच्या आधी, दिवेलागणीच्या आत लिहायचं. पाऊस पडून गेल्यावर ‘मी म्हणालो होतो’ चालणार नाही. ‘कुठंतरी पडेल’ हेही चालणार नाही, आपल्या गावात पडेल का ते हवं. पाऊस पडला की नाही याचा निवाडा शाळेच्या गच्चीवर ठेवलेली परात करणार. एका सकाळी परातीत नुसतं दव होतं आणि साईराज म्हणाला, पाऊस पडला. तेव्हा आणखी एक नियम आला: बोटाचं नख बुडेल एवढं पाणी हवं.

वहीत तिसरं नाव चौथीतल्या संघर्षनं घातलं. त्याची आत्या रचना रयत संपर्क केंद्रात शेतकी अधिकारी आहे. ती गावाच्या ग्रुपवर रोज पुढच्या पाच दिवसांचा अंदाज पाठवते. मजकूर कानडीत असतो, खाली तिच्या आवाजात मराठीत. रचना आमच्याच गावची. तिची आजी तानीबाई याच शेतांतून दुसऱ्यांचं भात कापायची. नात आता शेतकऱ्यांना खत किती घालावं ते सांगते. ती कधी ‘पडणार’ म्हणत नाही, ‘नाही पडणार’ म्हणत नाही. ‘दहात दोन’ म्हणते, ‘दहात सहा’ म्हणते, फार तर ‘जवळजवळ नाही’ म्हणते.

“हिच्या नावापुढं बरोबर मांडू का चूक?” साईराज वैतागला होता. “पडला तरी हिचं खरं, न्हाय पडला तरी खरं. तुझी आत्या लई हुशार हाय रं, संघर्ष.”

“आत्ता नुसतं लिहून ठेव,” मी म्हणालो. “मांडायचं कसं ते नंतर बघू.”

असे बेचाळीस दिवस झाले आणि यशोदाबाईंचा सोमवार उजाडला.

सुगी धरायच्या आधी देवळात जमून गुंडूअण्णांना विचारायचं अशी गावची रीत आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी लख्ख उन्हाच्या दुपारी अण्णांनी ‘कापू नका’ म्हणून हात आडवा केला होता आणि त्या रात्री ओढ्याला पूर आला होता. त्या एका दिवसापासून अण्णांचा शब्द म्हणजे शब्द. त्या संध्याकाळी आठ घरांची माणसं जमली. अण्णांनी आभाळाकडं बघितलं, डोंगराकडं बघितलं, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “कापा. आठ दिस काय येत न्हाय.”

तेवढ्यात साईराजनं मोबाईल पुढं केला. इशाराकाका ओरडत होता, “गुरुवारी ढगफुटी! लिहून ठेवा!”

“बंद कर रं त्येला,” भावकू म्हणाला.

आणि रचनाचा निरोपही आला होता. गुरुवार दहात दोन. शुक्रवार दहात चार. शनिवारपासून कमी.

“दहात चार म्हंजे काय समजायचं माणसानं?” यशोदाबाई म्हणाल्या. “चार आणे पाऊस?”

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. माणसं पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. अण्णा तिथंच कट्ट्याच्या कडेला तंबाखू मळत बसले होते.

“मास्तर, तुमची पोरं एवढं दोन महिनं लिव्हत बसल्यात. काय म्हणतीया त्यांची वही?”

मुलांना एवढा मान आजवर मिळाला नव्हता. साईराजनं वही उघडली. परातीत अकरा दिवस पाणी सापडलं होतं.

“इशाराकाका,” तो ताठ बसून म्हणाला, “अकरा पावसांतलं धा पाऊस त्येनं आधी सांगितल्यात. अकरात धा!”

“बघा!” यशोदाबाईंचा चेहरा उतरला. “म्हंजे गुरुवारी येतोय की.”

“आणि पडणार म्हणाला आन् पडला न्हाय, ते किती?” ऋतिकानं विचारलं.

साईराजनं पानं उलटली. ओठ हलवत मोजलं. मग पुन्हा मोजलं.

“सांग की.”

“वीस,” तो हळूच म्हणाला.

संघर्ष तेवढ्यात म्हणाला, “मी रोज म्हटलं असतं ना, उद्या पाऊस, उद्या पाऊस, तर माझं अकरात अकरा आलं असतं.”

मी तीसपस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. एवढ्या थोड्या शब्दांत ही गोष्ट मला कधी सांगता आली नव्हती. मी फक्त म्हणालो, “साईराज, ऐकलंस का रे?”

“ऐकलं,” तो म्हणाला. मग जरा वेळानं, “आन् त्यो जुनं व्हिडिओ काढून टाकतोय, गुरुजी. चुकलेलं. मी काल हुडकत होतो, सापडलं न्हाईत.”

“आता आमच्या अण्णांचं वाचा,” यशोदाबाई म्हणाल्या.

मुलं एकमेकांकडं बघू लागली. अण्णा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. ऋतिका माझ्याकडं बघून म्हणाली, “गुरुजी, वाचू?”

“वाच गं पोरी,” अण्णाच म्हणाले. “मी काय खातोय तुला?”

ऋतिकानं अण्णांची दोन पानं केली होती. अण्णा दुपारी चारच्या सुमाराला म्हणाले, की आज रात्रीच्या आत पडेल, असं नऊ वेळा झालं होतं. त्यातल्या आठ वेळा पडला होता.

“नवात आठ!” साईराज म्हणाला. “आजा, लई भारी!”

“आणि दुसरं पान?”

ऋतिकानं आवाज बारीक केला. लोकांनी अण्णांना तीन-चार दिवस पुढचं विचारलं, असं चौदा वेळा झालं होतं. सात बरोबर. सात चूक.

“चिठ्ठ्या टाकल्यागत,” संघर्ष म्हणाला, आणि ऋतिकानं त्याला कोपर मारलं.

मला वाटलं अण्णा उठून जाणार. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, “चुकीचं न्हाय लिव्हलेलं. सांजचं मला कळतंय. वारं कुठनं फिरलंय, डोंगरावर ढग कसा बसलाय, मुंग्या, पाखरं, समदं दिसतंय. परवाचं काय दिसतंय? परवाचं आभाळ आज असतंय व्हय इथं?”

“मग आत्ता कापा म्हणालास ते?” यशोदाबाईंनी विचारलं.

“तुमी समदी तोंडाकडं बघत बसताय गं. देवळात उभं राहून ठावं न्हाय म्हणायला जीभ उचलत न्हाय. एकदा खरं ठरलं, त्येचं हे भोगतोय.”

यशोदाबाई रागावतील असं मला वाटलं. त्या हसल्या. “आण्णा, मग आधीच बोलायचं हुतंस की रं. मी तीन दिस झोपलो न्हाय.”

उरली रचना. तिच्या नावापुढं बरोबर-चूक मांडता येत नव्हतं, म्हणून मी मुलांना म्हणालो, तिच्या दिवसांचे ढीग करा. ती आदल्या दिवशी ‘दहात दोन’ म्हणाली ते दिवस एकीकडं, ‘दहात सहा’ म्हणाली ते दुसरीकडं, ‘जवळजवळ नाही’ ते तिसरीकडं. मग प्रत्येक ढिगात पाऊस किती ते मोजा. मुलं वहीवर वाकली. ‘जवळजवळ नाही’चे बारा दिवस, पाऊस एकही नाही. ‘दहात दोन’चे अठरा दिवस, त्यात चार. ‘दहात सहा’चे बारा दिवस, त्यात सात.

साईराजनं गुणाकार-भागाकार करून बघितला. “गुरुजी, जवळजवळ बरोबर बसतंय की! ती म्हणती तेवढंच पडतंय.”

“त्याची आत्या हाय म्हणून तू कायतरी फिरवलं न्हाईस न्हवं?” ऋतिकानं संघर्षला विचारलं.

“परात काय माझी आत्या हाय?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाई रचनाला भेटायला निघाल्या. मीही बरोबर गेलो, आणि शाळेला सुट्टी होती म्हणून ऋतिकाही. केंद्रात खताच्या पोत्यांजवळ चार माणसं उभी होती. रचनानं यशोदाबाईंना खुर्ची दिली.

“बस आक्का. पाणी देऊ?”

“पाणी नको. काल शुक्कीरवारचं चार म्हणालीस. परवा तीन म्हणालतीस. तुझं एक काय ते ठरव की गं.”

“ठरवलं असतं तर बरं वाटलं असतं तुला,” रचना हसून म्हणाली. “पण परवा समुद्रातला ढग लांब होता. काल जवळ आला. नवीन कळल्यावर जुनंच धरून बसले तर माझा काय उपयोग?”

“तू बघतीस ढग?”

“मी नाही बघत. ज्यांचं ते काम आहे ते बघतात, आणि ते काय बघतात हे मला वाचता येतं. मला माझ्यातलं कळतं ते भाताचं. आणि तुझ्या भाताचं माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं.” तिनं टेबलावरची आपली वही पुढं ओढली. “सांग, उभ्या भातावर तासभर पाऊस पडला तर काय होईल?”

“थोडं आडवं हुईल. खालच्या कोपऱ्यात.”

“आणि कापून पडलेल्यावर?”

“बी गेलं.”

“दोन्ही भातं सारखी पिकली आहेत?”

यशोदाबाई थांबल्या. हे त्यांना ठाऊक होतं, पण कुणी विचारलं नव्हतं. “न्हाय. वासाचं पुरं झालंय. हात लावला की झडतंय. दुसऱ्यात अजून हिरवी झाक हाय. आठ दिस थांबंल ते.”

“मग शुक्रवारचं दहात चार कुठल्या भाताला भारी आहे?”

यशोदाबाईंनी पदर नीट केला आणि बोटांवर काहीतरी मोजलं. “मग गुरुवारी वासाचं तेवढंच कापतो,” त्या म्हणाल्या. “दुपारपतोर हुईल. दुपारनं कापायचं बंद, समद्यांनी पेंढ्या घराकडं वाहायच्या. शेतात एक पेंढी ठेवायची न्हाय.”

“ओल्या पेंढ्या रचल्या तर आतून तापतील, आक्का.”

“ते मला शिकवतीस व्हय? फळ्यावर रचणार. मधी वारं जाईल अशी. उघडीच ठेवणार, झाकली की तापती.”

“आणि पाऊस आला तर?”

“मग झाकणार.”

“कधी येणार ते कळायला हवं ना,” रचना म्हणाली. “तास-दोन तास आधीचं मला नाही सांगता यायचं.”

यशोदाबाई माझ्याकडं बघून हसल्या. तेवढं सांगणारा माणूस कोण ते आम्हा तिघांना ठाऊक होतं.

परतताना ऋतिका म्हणाली, “गुरुजी, रचनाआक्का एवढी शिकली, तरी तिला तासाभराचं येत न्हाय. आणि आजाला येतं.”

“मग त्यात कोण मोठं?”

तिनं थोडा विचार केला. “ते इचारायचंच कशाला? काय पायजे ते बघून जायचं.”

गुरुवारी सकाळी सोळा माणसं शेतात उतरली. पैऱ्यातल्या माणसांना हे अर्धं कापणं मानवलं नव्हतं. भावकू तर विळा हातात धरून म्हणाला, “आक्का, आठ घरं बोलवून अर्धा एकर? आमच्या पाठी काय पावण्या म्हणून आल्यात?”

“तुझ्या पाठीला दुपारी वझं देतो, थांब,” त्या म्हणाल्या. “आन् गेल्या साली तुझ्या पेंढ्यांस्नी मोड आलतं, ते इसरलास व्हय रं?”

भावकू विळा घेऊन वाकला. दुपारपर्यंत वासाचं भात आडवं झालं आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या पेंढ्या अंगणात फळ्यांवर उभ्या राहिल्या. त्या दिवशी ढगफुटी तर सोडाच, एक थेंबही पडला नाही. संध्याकाळी कट्ट्यावर साईराज म्हणाला, “दहात दोन होतं. न्हाय पडला.” त्यानं इशाराकाकाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं एकविसावी फुली मारली.

शुक्रवारी दिवसभर ऊन होतं. पेंढ्या उघड्या वाऱ्यावर होत्या. यशोदाबाई तासातासाला हात घालून बघत होत्या. लोक येता-जाता विचारत होते, “काय आक्का, कुठं हाय पाऊस?” चारच्या सुमाराला गुंडूअण्णा काठी टेकत अंगणात आले. आभाळ अजून निळंच होतं.

“झाक,” ते म्हणाले.

“आत्ता? ऊन हाय की आण्णा.”

“वारं पडलंय. डोंगराच्या मागनं वास यायलाय. झाक म्हणतो न्हवं.”

यशोदाबाईंनी दुसरा प्रश्न विचारला नाही. ताडपत्री आणली. ऋतिका, साईराज, संघर्ष एकेक कोपरा धरून धावले. दोऱ्या ओढल्या, दगड ठेवले. साईराज घाम पुसत आभाळाकडं बघत होता. त्याला अजून पटलेलं नव्हतं, पण दोरी त्यानं घट्ट बांधली होती. पावणेसहाला डोंगर दिसेनासा झाला आणि सहाला पाऊस आला. चांगला तासभर पडला. आम्ही सगळे ओसरीत उभे राहून ताडपत्रीवरचा आवाज ऐकत होतो.

तेवढ्यात साईराजच्या मोबाईलवर नवा व्हिडिओ आला. “सांगितलं होतं की नाही!” इशाराकाका ओरडत होता.

“गुरुवारी म्हणालतास रं बाबा!” संघर्ष मोबाईलवर ओरडला. यशोदाबाईसुद्धा पोट धरून हसल्या.

“मग रचनाआक्काचं खरं झालं,” ऋतिका म्हणाली.

“आजच्या एका पावसावरनं नको ठरवू,” मी म्हणालो. “पडला नसता, तरी ती खोटी ठरली नसती.”

“मग कळायचं कसं?”

“जसं आत्तापर्यंत कळलं तसं. ढीग करून.”

शनिवारी सकाळी ऊन पडल्यावर यशोदाबाईंनी ताडपत्री काढली. सगळे बघत होते. भावकूही आला होता, कारण पुढच्या वर्षीच्या बियाण्यात त्यालाही वाटा हवा होता. यशोदाबाईंनी रचलेल्या पेंढ्यांच्या मधोमध कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. मग एक लोंबी ओढून काढली, एक दाणा दाताखाली धरला. कट् असा बारीक आवाज झाला.

“भिजलं न्हाय. तापलं बी न्हाय,” त्या म्हणाल्या.

उभ्या भाताचा खालचा कोपरा मात्र आडवा झाला होता, घोंगडीएवढा तुकडा. तेवढं जाणार हे त्यांनी मंगळवारीच धरलं होतं.

“राहिलेलं कधी कापायचं, अण्णा?” भावकूनं सवयीनं विचारलं. “पुढच्या आठवड्यात कसं हाय?”

आठ घरांपैकी पाच घरांची माणसं अंगणात उभी होती. गुंडूअण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“पुढच्या आठवड्याचं मला ठावं न्हाय,” ते म्हणाले. “ते रचनाला इचारा. आज रातीचं इचारशील, तर न्हाय पडायचा.”

कुणी हसलं नाही, कुणाला नवलही वाटलं नाही. “बरं,” म्हणून भावकूनं फोन काढला आणि रचनाचा नंबर शोधू लागला. यशोदाबाईंनी पहिली पेंढी सोडून उन्हात पसरली. मुलं त्यावरून उड्या मारायला लागली, तशा त्या ओरडल्या, “अरं, बी हाय ते! बाजूला व्हा, न्हायतर पुढच्या साली वासाला तुमास्नीच शिजवीन!”

अंगणभर वास सुटला होता.